शेजारी कुठे गेला? मराठी प्रकाशक, संपादक आणि अनुवादक यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मराठीतील सर्व प्रकाशक, संपादक आणि अनुवादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या गावभागात आम्ही चौदा वाचक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका घराच्या माडीवर जमतो आणि महिनाभरात सर्वांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या घराच्या तळमजल्यावरचे पुस्तकांचे कपाट पाण्यात गेले. तेव्हापासून पुस्तके वर आली आणि पुस्तकांमागोमाग आम्हीही वर आलो. त्या कपाटातले एक पुस्तक घरमालकांनी अजून ठेवले आहे. त्याची पाने फुगून एकमेकांना चिकटली आहेत, कडेला गाळाची तपकिरी रेघ आहे आणि ते उघडायला गेले तर पापुद्रे सुटतात. आमची प्रत्येक चर्चा त्या पुस्तकाच्या शेजारी बसून होते, हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा या गोष्टीशी संबंध आहे.

गेल्या दोन बैठकांत आम्ही एका अनुवादित कादंबरीवर बोललो. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण आमचे म्हणणे त्या एका पुस्तकापुरते नाही. हवामान पार कोलमडल्यानंतरच्या जगात जीव वाचवण्यासाठी माणसे कशी धडपडतात, याची साहसकथा सांगणाऱ्या कादंबऱ्या मराठी वाचकाच्या हाती येऊ लागल्या आहेत, त्या सगळ्या प्रकाराविषयी आम्हाला आपल्याशी बोलायचे आहे. या कादंबरीत समुद्राने एक बंदर गिळले आहे, आतल्या प्रदेशात पाऊस कधी वर्षानुवर्षे पडत नाही आणि पडला तर दरी वाहून नेतो. जमीन मोजणारी एक तरुणी आपल्या बारा वर्षांच्या भावाला घेऊन नदीच्या काठाकाठाने वर निघते, कारण उगमाजवळ एक सोडून दिलेले धरण आहे आणि त्यात अजून पाणी आहे, असे तिने ऐकलेले असते. वाटेत जो भेटतो तो लुटारू असतो, नाही तर मरणाच्या दारात असतो.

पहिले मत आमच्यातल्या सर्वांत तरुण वाचकाचे सांगते. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने ही कादंबरी दोन रात्रींत संपवली. तो म्हणाला, "मॅडम, ती मुलगी कुठे थांबतच नाही, म्हणून मलाही थांबता आले नाही." मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे आणि मुलांच्या हातून पुस्तक सुटू नये म्हणून काय काय करावे लागते ते मला ठाऊक आहे. त्यामुळे हे वाक्य मी मनापासून मोलाचे मानते. लहान प्रकरणे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढचे पान उलटायला लावणारा प्रसंग, तहान कशी लागते याचे अंगावर येणारे वर्णन, ही सगळी या पुस्तकाची ताकद आहे. आमच्यापैकी कोणीही अशी पुस्तके छापू नका असे म्हटले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. जी तक्रार आहे ती आवडल्यानंतरची आहे.

एकाच दरीत दुष्काळ आणि महापूर दोन्ही दाखवणे हे काही वाचकांना अतिरंजित वाटले. त्यावर आमच्यातले एक निवृत्त पाटबंधारे अभियंता बराच वेळ बोलले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस लांबतो तेव्हा अधिक लांबतो आणि पडतो तेव्हा अधिक कोसळतो, हे त्यांनी समजावून सांगितले. मग ते म्हणाले की लेखकाला दोन टोके दाखवायला कल्पना लढवावी लागली असेल, आपल्याला आपल्या भागाचा नकाशा पुरतो. वारणेच्या उगमाकडे पाथरपुंजला पावसाचे आकडे हजारो मिलिमीटरमध्ये जातात आणि त्याच सह्याद्रीच्या पावसाच्या छायेत पूर्वेला असलेल्या जत-आटपाडीला ते शेकड्यांतच राहतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या कृष्णेचे पाणी मिरजेत त्या वाघिणींत भरले गेले, तीच कृष्णा तीन वर्षांनी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेली. तेथे इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची आहे, एवढे सांगितले म्हणजे बाहेरच्या वाचकाला अंदाज येईल.

परंतु कादंबरीचा शेवट याच अभियंत्यांना मान्य झाला नाही. त्या कथेत वीस वर्षे माणसाचा पाय न पडलेले धरण निळ्याशार, स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरलेले असते. कोयनेसारखे १०५ टीएमसीचे (म्हणजे अब्ज घनफुटांचे) धरण असो की गावचा पाझर तलाव असो, पाणी राखायला माणसे लागतात, असे ते म्हणाले. दरवाजांची रबरे कुजतात, साखळ्या गंजतात, प्रत्येक पुराबरोबर गाळ येऊन बसतो आणि विसर्ग कधी किती करायचा हे रात्री जागून ठरवणारा माणूस नसेल तर भिंतीखालच्या गावांचा भरवसा उरत नाही. त्यांच्या नोकरीतले किती तरी पावसाळे त्यांनी असे जागून काढले आहेत. हे बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता. लेखकाला धरण हवे होते, पण धरणावरचा माणूस नको होता, हे त्यांचे शब्द मी वहीत लिहून ठेवले.

हरिपूरच्या काकूंचे मत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते मी सविस्तर सांगणार आहे. कादंबरीतली ती तरुणी एका पडक्या शेतघराजवळ जमिनीत पुरलेले धान्याचे कोठार शोधते, झाकण काढते, लगेच आत उडी मारते आणि पिशवी भरून वर येते. काकूंच्या सासरी हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, होती. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुराची पेवे प्रसिद्ध आहेत. तिथल्या मातीत जमिनीखाली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. काकूंनी सांगितले की पेवाचे तोंड उघडले की त्यात कोणी लगेच उतरत नाही. आधी ते काही तास तसेच उघडे ठेवतात, मग दोरीने कंदील आत सोडतात, आणि कंदील विझला नाही तरच माणूस उतरतो, कारण बंद पेवातल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. उतरणारा एक आणि वर दोरी धरून उभे राहणारे दोघे, अशी पद्धत असे. वरच्यांनी थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची आणि खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही की दोरी ओढायची. "एकट्या माणसाचे ते कामच नव्हे," असे काकू दोनदा म्हणाल्या.

या एका वाक्यात या कादंबरीविषयीचे आमचे सगळे म्हणणे आहे. धान्य मिळवणे हे आमच्या भागात कधीही एकट्याचे काम नव्हते आणि संकटात तर ते अधिकच सर्वांचे होते. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि हळद नासली. त्यानंतर काकूंच्या घरची पेवे पुन्हा भरली नाहीत, हेही त्यांनी सांगितले. साहसकथा लिहिणाऱ्याला याहून मोठे साहित्य कुठे मिळणार? जमिनीखालचे कोठार, विझणारा कंदील, वरून येणारी हाक आणि एक दिवस नदीचे आत शिरलेले पाणी, हे सारे येथे आहे. फक्त त्यात दोरी धरणारे दोघे आहेत, आणि नेमके तेच या कादंबऱ्यांतून गाळले जातात.

दुसरा प्रसंग नावेचा आहे. कथेत पूर आलेला असतो, नावेत माणसे जास्त झालेली असतात आणि नायिका भावाला वाचवण्यासाठी एका वृद्धाला पाण्यात ढकलते. लेखकाने हे तिच्या कणखरपणाचे लक्षण म्हणून लिहिले आहे. पलूसकडच्या आमच्या एक सभासद त्या पानावर थांबल्या आणि पुढे त्यांनी पुस्तक वाचले नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि त्यात बायका-मुलांसह अनेकांचे प्राण गेले. त्या दिवसाविषयी त्या बैठकीत काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की भरलेल्या नावेचा प्रसंग कोणत्याही लेखकाने जरूर लिहावा, परंतु तो वाचणाऱ्यांत अशा नावेची वाट पाहिलेली माणसे असणार आहेत, ही जाणीव मराठीत पुस्तक आणणाऱ्या संपादकाला तरी असायला हवी. पाठीमागच्या मजकुरात "थरारक नौकाप्रसंग" असे शब्द छापताना ती जाणीव दिसली नाही.

त्या दिवसांत आमच्या गल्लीने काय पाहिले ते येथे लिहिते. "आयर्विनला किती झाले?" हा एकच प्रश्न एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर विचारला जात होता. एकाच्या घरी गॅसची टाकी होती, दुसऱ्याच्या घरी तांदूळ होते, तिसऱ्याकडे औषधे होती, आणि दोरीला बांधलेल्या बादल्या या गच्चीतून त्या गच्चीत फिरत होत्या. ज्यांच्याशी बांधाच्या भिंतीवरून आमचा वर्षानुवर्षे अबोला होता, त्यांच्याच गच्चीवर माझ्या सासूबाई तीन रात्री झोपल्या. पाणी उतरल्यावर आमच्या चौकात पहिला टेम्पो आला तो आटपाडीकडचा, कपड्यात गुंडाळलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. ज्या गावांना त्या उन्हाळ्यात प्यायला टँकरचे पाणी होते, त्या गावांनी बुडालेल्या शहराला भाकरी पाठवली. टेम्पोतल्या बाईंना मी नाव विचारले तेव्हा त्यांनी गावाचे नाव सांगितले, स्वतःचे सांगितले नाही.

असे लिहिले म्हणजे माणूस संकटात देवमाणूस होतो असा माझा दावा आहे, असे कोणी समजू नये. आमच्यातले तासगावचे द्राक्षबागायतदार याच ठिकाणी माझ्याशी भांडले आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. टँकर आला की घागरींची झोंबाझोंबी होते, कालव्याला रात्री मोटारी बसतात, पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत डोकी फुटतात, हे त्यांनी पाहिले आहे. कादंबरीतला स्वार्थ त्यांना अजिबात खोटा वाटला नाही. मात्र त्यांनीच एक गोष्ट जोडली की हे भांडण कोणाशी होते हे लेखकाला माहीत नाही. आपल्याकडे भांडण अनोळखी लुटारूशी होत नाही, ते चुलतभावाशी होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी लग्नाला जावे लागते. त्या भांडणाला नियम असतात, पंच असतात, आणि मिटवण्याच्या जागा असतात.

जतच्या शिक्षिका त्याहून पुढे गेल्या. त्या म्हणाल्या की या कादंबरीत जग मोडल्याबरोबर सगळे एका रांगेत येतात, कोण श्रीमंत, कोण गरीब, कोण कोणत्या वस्तीचा हे सगळे पुसले जाते. आमच्या गावात दुष्काळ आला तेव्हा काहीच पुसले गेले नाही. टँकर कोणत्या आळीत आधी थांबतो आणि कोणत्या वस्तीपर्यंत पोचेपर्यंत तळ गाठतो, कोणाच्या विहिरीवर कोणाच्या बायकांनी घागर टेकायची नाही, हे पाणी आटल्यावर अधिक स्पष्ट दिसले. जग मोडले तर आधी कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न ज्या कथेत नाही ती कथा त्यांना अर्धी वाटली. आणि त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न मी आपल्यापुढे जसाच्या तसा ठेवते: "मुखपृष्ठावर 'उद्याचे भयावह जग' असे लिहिले आहे. मी चौथीत असल्यापासून दोन मैलांवरून पाणी आणते आहे. माझे काल यांच्या लेखी उद्या कसे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण त्यातून एक विचार सुचला. ज्यांच्या वाट्याला जग मोडणे एकदा नव्हे, अनेकदा आले, त्यांनी पुढे काय केले हेही या भागात घडून गेले आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी मिलो ही परदेशातून आलेली लाल ज्वारी आणि मदत म्हणून वाटलेली सुकडी खाऊन खडी फोडली, तलाव खोदले, आणि त्याच अनुभवातून महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभे केले, नदीतली वाळू विकून त्यासाठी पैसा जमवला आणि पाणी भूमिहीनांसह सर्वांना वाटायचे असे ठरवले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर आटपाडीकडचे हजारो लोक नव्वदच्या दशकापासून समान पाणीवाटपासाठी रस्त्यावर उतरले. त्या परिषदांना मी विद्यार्थ्यांसह गेले आहे. उन्हात बसलेल्या बायका भाषण ऐकता ऐकता हिशोब करत होत्या की आपल्या घराला किती पाणी येईल आणि त्यात काय पेरावे. पाण्याच्या शोधात वर निघालेली ती तरुणी अशा एखाद्या सभेत येऊन बसली असती, तर कादंबरीची दोनशे पाने पुढे कुठे गेली असती, याची कल्पना मी तेव्हापासून करते आहे. त्यात संघर्ष कमी झाला नसता. वाळूचा ठेका कोणाचा, भिंत किती उंच, पहिली पाळी कोणाची, यावर रात्री रात्री चालणारे वाद थराराला पुरून उरतात.

आता अनुवादाविषयी थोडे. अनुवादकांनी मेहनत घेतली आहे हे दिसते, तरी "पाण्याने शहरावर आपला दावा सांगितला" असे वाक्य आले की वाचक मराठीतून बाहेर फेकला जातो. पाणी दावा सांगत नाही. पाणी चढते, शिरते, लागते, उतरते. "आमच्या घराला पाणी लागले" हे वाक्य सांगलीत उच्चारले की पुढे काही विचारावे लागत नाही. कादंबरीत "बॅकवॉटर" हा शब्द अनेकदा आला आहे. आमच्याकडे चौथीतले पोरसुद्धा त्याला फुगवटा किंवा फूग म्हणते, कारण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फूग कुठवर येते यावर त्याच्या घरी रोज बोलणे चालते. "कॅम्प"ला छावणी आहे, पाण्याच्या "रेशन"ला पाळी आहे, आणि ज्याला "सर्व्हायव्हर" म्हटले आहे त्याला आमच्या आजी "वाचलेला" एवढेच म्हणत. हे शब्द कोशात शोधायची गरज नाही. पुराच्या आणि दुष्काळाच्या गावांत ते रोज वापरले जातात.

आपणाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. अशी कादंबरी छापण्यापूर्वी तिच्या कच्च्या प्रती एकदा पाणी पाहिलेल्या माणसांकडून वाचून घ्याव्यात. वैद्यकीय कादंबरी डॉक्टरांना दाखवली जाते, मग पुराची कादंबरी पूरग्रस्तांना का दाखवू नये? दुसरी मागणी अधिक मोठी आहे. अनुवाद येत राहोत, पण या मातीत लिहिलेली अशी कादंबरी आपण मागून घ्या. माणदेशाने मराठीला दुष्काळाच्या कथा दिल्या आहेत. कृष्णाकाठच्या आणि माणदेशातल्या तरुणांना शोधा, त्यांना आगाऊ मानधन द्या, वर्षभर त्यांच्यामागे संपादक उभा करा. आमच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने काही पाने लिहिली आहेत. त्यांत जमिनीखालचे पेव आहे आणि वर दोरी धरून उभी असलेली दोन माणसे आहेत. त्या दोघांचे एकमेकांशी पटत नाही, कारण त्यांच्या घरांमध्ये पाळीवरून वाद आहे, पण हाक मारायची वेळ दोघेही चुकवत नाहीत. ती पाने कच्ची आहेत, शुद्धलेखन तपासायचे आहे आणि पुढे काय होणार ते त्यालाही अजून ठरवता आलेले नाही.

आपल्यापैकी कोणाला ती वाचायची असतील, किंवा आपले एखादे हस्तलिखित आमच्यापुढे ठेवायचे असेल, तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता या. पावसाळ्यात येणार असाल तर निघण्यापूर्वी आयर्विनला पाणी किती आहे तेवढे विचारून घ्या.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
गावभाग, सांगली